साबुदाणा, जिलेबी आणि आयरिश शिट्टी

२०१९ च्या पावसाळ्यात मी रोज सकाळी दीड तास आणि संध्याकाळी जवळजवळ दोन तास कंपनीच्या बसमध्ये बसून असायचे. कोथरूड ते हिंजवडी, ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. बसमध्ये पुस्तक वाचलं की मला मळमळतं, झोपही लागत नाही, मग कानात काहीतरी घालून बसायचं. असंच एकदा यूट्यूबवर 'रिलॅक्सिंग केल्टिक म्युझिक' (केल्टिक म्हणजे ढोबळमानाने आयर्लंड-स्कॉटलंडकडचं) टाइपचं काहीतरी लागलं, तीन तासांचा व्हिडिओ, धुकं, धबधबा, मधेच एक हरीण मान वर करून बघतंय. बरं वाटलं. आठवडाभर तेच ऐकलं. मग एक दिवस वाकडला बस अर्धा तास जागची हलली नाही तेव्हा डोक्यात आलं, अरे पण हे वाजवतंय कोण? वर बघितलं, खाली बघितलं, कुणाचंच नाव नाही. वाजवणाऱ्याचं नाही, चालीचं नाही, वाद्याचंसुद्धा नाही. लग्नाच्या हॉलमध्ये सकाळपासून सनईचं रेकॉर्डिंग लावून ठेवतात आणि कोण वाजवतंय याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं, तसलाच प्रकार.

मग शोधायला लागले. आधी फोनला बोलून सांगितलं, 'सेल्टिक म्युझिक'. फोनने मला ग्लासगोचा फुटबॉल क्लब दाखवला. नंतर कळलं की क्लबचं नाव सेल्टिक, पण संगीत मात्र केल्टिक, स्पेलिंग एकच. टाइप करून पॉडकास्टच्या ॲपमध्ये शोधलं तेव्हा वरच सापडला 'आयरिश अँड केल्टिक म्युझिक पॉडकास्ट'. मार्क गन नावाचा एक अमेरिकन माणूस २००५ पासून हा चालवतोय. तो स्वतः ऑटोहार्प वाजवतो, म्हणजे मांडीवर किंवा छातीशी धरून वाजवायचं तारांचं वाद्य. आधी टेक्सासमधल्या ऑस्टिनला एका मित्राबरोबर त्याची ब्रॉबडिंगनॅगियन बार्ड्स नावाची जोडी होती (हे नाव मला आजही एका दमात म्हणता येत नाही). आणि त्याने दारूच्या आयरिश गाण्यांमध्ये मांजरं घुसवून एक अख्खा अल्बम काढलाय. हे वाचलं आणि माझा त्याच्यावर विश्वास बसला. मांजरांवर अल्बम काढणारा माणूस मला हरीण दाखवून गंडवणार नाही.

पहिला एपिसोड ऐकला तो बावधनपासून फेज दोनपर्यंत. तासाभराचा होता. गाणी आवडली का म्हणाल तर निम्मी आवडली, निम्मी डोक्यावरून गेली, पण एक गोष्ट लक्षात राहिली, हा माणूस नावं सांगतो. गाणं झालं की कुणी वाजवलं, कुठल्या अल्बममधलं, आणि आवडलं तर विकत घ्या, त्यांना मेल करा, त्यांच्या कार्यक्रमाला जा. आणि सगळे इंडिपेंडंट, म्हणजे मोठ्या कंपनीशी करार नसलेले, स्वतःच रेकॉर्ड करून स्वतःच विकणारे.

आता इंडिपेंडंटच का, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं, मला वाटायचं बिचारा तत्त्वाने करत असेल. तत्त्व आहेच पण कारण जास्त व्यवहारी आहे. रेडिओवाले परवान्याची एकगठ्ठा फी भरतात आणि त्यात हवी ती गाणी वाजवतात. पॉडकास्ट ही डाउनलोड होणारी फाइल, तिथे तो परवाना पुरत नाही, गाण्याचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा आणि दोन्हीसाठी परवानगी लागते. मोठ्या कंपनीकडून ती मिळवणं म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलून घेण्यासारखं. पण पारंपरिक चाल दोनशे वर्षं जुनी, तिचा मालकच नाही, आणि रेकॉर्डिंग वाजवणाऱ्याचं स्वतःचं, मग तो स्वतःच 'हो वाजवा' म्हणून मोकळा. म्हणून असल्या पॉडकास्टला हे संगीत इतकं मानवतं.

तर मी वही केली. चिरंजीवांची तिसरीची अर्धी कोरी राहिलेली गणिताची वही. बसमध्ये जे नाव ऐकू येईल ते लिहायचं आणि रात्री घरी शोधायचं. साधी गोष्ट वाटते ना? आयरिश नावं ऐकून स्पेलिंग लिहून दाखवा. मी हुशारी करून देवनागरीत लिहायला लागले, नीव, शिवॉन, कीवा, उच्चार अगदी बरोबर, कारण आपल्याकडे जसं ऐकू येतं तसं लिहिता येतं. शोधायला गेले की काहीच मिळायचं नाही. त्या नीवच्या स्पेलिंगमध्ये शेवटी एम आणि एच, शिवॉनच्या मधे बी आणि एच. व म्हणायला दोन-दोन अक्षरं, आणि त्यातलं एकही व्ही नाही. आल्टान म्हणून आयर्लंडमधल्या डोनेगलचा मोठा नावाजलेला ग्रुप आहे, त्यांच्या गायिकेचं नाव मी 'मरेड नी वीनी' असं लिहून ठेवलेलं आणि तिचं स्पेलिंग समोर आलं तेव्हा मी पाच मिनिटं नुसती बघत बसले, वीनी कुठेच नाही त्यात. तिकडच्या ढोलाचं तेच. बोरॉन असं म्हणायचं, लिहिताना मधे डी आणि एच. बकरीच्या कातड्याची मोठी डफ असते ती, एका छोट्या लाकडी दांडीने दोन्ही टोकांनी वाजवतात.

वहीच्या पहिल्या पानावर कोण आहे सांगते. आल्बनाख, हे ग्लासगोकडचे, एक बॅगपाइप आणि बाकी सगळे ढोल. नवऱ्याला ऐकवलं, तो म्हणाला लक्ष्मी रोडवर विसर्जनाला चाललंय असं वाटतंय. चुकीचं नव्हतं, तोच खालचा टोल पोटात जाणारा, फक्त ताशाच्या जागी पाइप. त्यांच्याखाली हेदर डेल, टोरंटोची, राजा आर्थरच्या गोष्टींवर गाणी लिहिणारी. त्याच्याखाली ब्रिटनी, म्हणजे फ्रान्सचा पश्चिमेकडचा तुकडा, तिथली दोन माणसं आलटून पालटून गातात, एकाची ओळ संपायच्या आत दुसऱ्याने शेवटचे शब्द उचलायचे, दोघांचा श्वास कुठे तुटतो कळतच नाही. पुढे कॅनडातल्या केप ब्रेटनचं फिडल (म्हणजे व्हायोलिनच), स्पेनमधल्या गॅलिसियाचा पाइप. हे सगळं एका शब्दाखाली. मला सुरुवातीला केल्टिक म्हणजे एकच काहीतरी वाटत होतं. आता वाटतं तो शब्द म्हणजे हॉटेलवरची 'साउथ इंडियन' पाटी आहे, उडप्याची इडली पण त्यात आणि आंध्राचं गोंगुऱ्याचं लोणचं पण त्यात. गिऱ्हाइकाला दुकान सापडायला बरी. आयर्लंडमधले वाजवणारे स्वतः 'ट्रॅड' म्हणतात, ट्रॅडिशनलमधलं ट्रॅड, संपलं.

पहिलं वर्षभर मला सगळं सारखंच ऐकू यायचं, खोटं कशाला बोलू. फिडलवर भरभर काहीतरी चाललंय, सगळे आनंदात आहेत, टण् करून संपलं. रील म्हणतात, जिग म्हणतात, नाचाच्या चालींचे प्रकार ते, मला फरक कळेना. मग एकदा स्वयंपाक करता करता दिवाळीच्या फराळाची यादी मनात चालू होती आणि कानातल्या चालीवर 'जिलेबी करंजी जिलेबी करंजी' बरोब्बर बसलं. तीन आणि तीन. ती जिग. सहा मात्रांची, आपला दादराच की. मग दुसरी लावली, त्यावर जिलेबी बसेना, 'साबुदाणा साबुदाणा' बसलं. चार आणि चार, ती रील. स्लिप जिग म्हणून एक असते नऊची, ती 'जिलेबी करंजी चिरोटे'. त्या दिवसापासून मला कुठलीही चाल लागली की आधी खाद्यपदार्थ सुचतो. तिकडेसुद्धा नवशिक्यांना खाण्याचेच शब्द देऊन शिकवतात हे नंतर वाचलं तेव्हा बरं वाटलं, म्हणजे मी एकटीच खादाड नाही.

आणि मावशीचा किस्सा. माझी मावशी गांधर्व महाविद्यालयाची विशारद, चाळीस वर्षं पेटी शिकवली, हल्ली गुडघ्यांमुळे आमच्याकडेच असते. मी स्पीकरवर एक संथ चाल लावलेली, पाइपवरची. ती गवार मोडत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "काफी आहे की गं हा." मी म्हटलं काफी कसला, आयर्लंडचा आहे. तर म्हणे, "असेना का आयर्लंडचा, गंधार-निषाद कोमल आहेत, काफी थाट आहे." मग पेटी काढली. तिने दोन तासांत मला जे समजावलं ते मला नेटवर सहा महिन्यांत कळलं नव्हतं. तिकडच्या बहुतेक चाली चार प्रकारच्या सप्तकांत बसतात, त्यातला मेजर म्हणजे आपला बिलावल, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, डोरियन म्हणजे काफी आणि मायनर म्हणजे आसावरी. राग नव्हे हं, नुसता थाट, हे तिने मला चारदा बजावलं, कारण चलन वेगळं, वादी-संवादी काही नाही. आणि खाली तो पाइपचा जो सूर धरलेला असतो तो ऐकून म्हणाली, सनईवाल्यांच्या मागे एक जण नुसता सूर धरून बसतो बघ, तेच काम. शेवटी चष्मा पुसत विचारलं, "पण हा विस्तार का करत नाही? तेच तेच काय वाजवतोय?" याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

मग आलं २०२०. मार्चच्या मध्यावर आम्हाला घरून काम सुरू झालं, बस बंद, तरी मी सवयीने सकाळी साडेसातला कानात घालून बाल्कनीत बसायचे. तिकडे सगळ्यांचे कार्यक्रम रद्द. सेंट पॅट्रिक्स डे १७ मार्चला असतो, या लोकांचा वर्षातला सगळ्यात कमाईचा आठवडा, आपल्या बँडवाल्यांचा लग्नसराईचा महिना म्हणा, आणि नेमका तोच गेला. बँडकॅम्प म्हणून साइट आहे, तिथे कलाकार थेट अल्बम विकतात आणि साइट एरवी डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापून घेते. त्यांनी २० मार्चला एक दिवस आपला वाटा सोडून दिला आणि त्या एका दिवसात लोकांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली. त्या गर्दीत मीपण होते. म्हणजे असायला हवी होते. माझं कार्ड चालेना. तीनदा टाकलं, तीनदा नकार. बँकेला फोन केला तर पाऊण तास त्यांचीच ती धून ऐकवली (वाजवणाऱ्याचं नाव तिथेही नाही), शेवटी कळलं परदेशी व्यवहार बंद करून ठेवलाय, ॲपमध्ये जाऊन चालू करायचा. चालू केला तोवर तिकडेसुद्धा तारीख उलटून गेली होती. दुसऱ्या दिवशी साधी खरेदी केली, दहा डॉलर, साडेसातशे रुपयांच्या आसपास. नवरा म्हणाला, जे फुकट ऐकतेस ते विकत कशाला घेतेस? म्हटलं, भाजीवाला ओळखीचा झाला की आपण घासाघीस करत नाही, तसं.

ज्या फिडलवाल्याचा अल्बम घेतला त्याला मेल केली, पॉडकास्टवर ऐकलं, पुण्याहून लिहितेय, वगैरे. दोन महिन्यांनी उत्तर आलं. चार ओळींचं. आभार मानले आणि विचारलं होतं, तुमच्याकडे आता पावसाळा सुरू झाला का. बस एवढंच. पण मी ते मावशीला, नवऱ्याला, शेजारच्या काकांना, सगळ्यांना वाचून दाखवलं.

अल्बमच्या माहितीत जवळजवळ प्रत्येक चालीपुढे 'ट्रॅडिशनल' लिहिलेलं असायचं. मग कुणीतरी या जपल्या कशा, हा प्रश्न आलाच. त्यातून सापडला फ्रान्सिस ओ'नील, आणि हा माणूस मला इतका आवडतो की इथे जरा थांबते. १८४८ चा जन्म, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या ट्रॅलिबेनचा. पोरवयात घर सोडून जहाजावर गेला, जग फिरून शेवटी शिकागोत पोलिसात लागला आणि १९०१ मध्ये तिथला पोलीस प्रमुख झाला. त्या वेळी शिकागोत आयरिश लोक रग्गड आणि पोलिसात तर विचारू नका. हा बासरी वाजवायचा, पण याला नोटेशन लिहिता येत नव्हतं. मग खात्यातलाच दुसरा एक ओ'नील, जेम्स, नात्याचा नव्हे, तो लिहून घ्यायचा. हवालदार, पाहुणे, बोटीवरून नुकतेच उतरलेले, ज्याला म्हणून नवी चाल येते त्याला गाठायचं आणि त्याच्याकडून काढून घ्यायची. १९०३ साली यांचं पुस्तक आलं, त्यात १८५० चाली! आणि १९०७ साली नुसत्या नाचाच्या १००१ चालींचं. आयर्लंडमधली पोरं आजही त्या पुस्तकांतून चाली घेतात. म्हणजे गावची गाणी गावाने विसरायच्या आत शिकागोच्या पोलीस प्रमुखाने लिहून ठेवली. आपल्याकडचा एखादा कमिशनर गाडी थांबवून वासुदेवाला म्हणतोय, जरा परत म्हण, असं चित्र माझ्या डोळ्यासमोर येतं.

अमेरिकेचा उलटा परिणामही झाला म्हणा. स्लायगो परगण्यातला मायकेल कोलमन १९१४ मध्ये अमेरिकेला गेला, १९२० च्या दशकात त्याच्या फिडलच्या तबकड्या निघाल्या आणि त्या बोटीने परत आयर्लंडला पोचल्या. इतकं सफाईदार वाजवणं लोकांनी ऐकलेलं नव्हतं. आणि मग गावोगावचे फिडलवाले आपापला ढंग सोडून स्लायगोसारखं वाजवायला लागले. तिकडे परगण्यागणिक घराणं होतं हो, डोनेगलचं वेगळं, त्यावर स्कॉटलंडची छाप कारण तिथली माणसं हंगामाला कामासाठी तिकडे जायची, क्लेअरचं वेगळं, जरा संथ आणि गोड, आणि कॉर्क-केरीच्या सीमेवर स्लीव्ह लुअखरा, तिथे पोल्का नावाच्या नाचाच्या चालीच चाली. रेकॉर्डने घराणी पातळ झाली हे मावशीला सांगितलं, ती म्हणाली, "मग इथे काय झालं?"

आणि एक, ते स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरचं कापड बडवायचं गाणं. नवीन विणलेलं लोकरी कापड भिजवून (शिळ्या लघवीत भिजवायचे, हो, त्यातल्या अमोनियाने रंग पक्का बसतो आणि तेलकटपणा जातो) लांब फळीभोवती बायका बसायच्या आणि ते आपटत आपटत पुढे सरकवायच्या, तासन्‌तास. एक बाई ओळ म्हणणार, बाकीच्या 'हो रो, ही री' असं अर्थ नसलेलं धृपद. ओळींमध्ये काय, तर बुडालेला नवरा, न आलेला मुलगा, शेजारणीला टोमणे. मी हे ऐकलं रात्री अकराला, भांडी लावताना, शब्द एक कळत नव्हता, आणि डोळ्यांत पाणी, कारण माझी आजी जात्यावर असंच म्हणायची, खुंटा एका हाताने ओढत, ओळ संपेपर्यंत एक फेरा. तिकडे एडिंबरोच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने १९५१ पासून हिंडून अशी गाणी ध्वनिमुद्रित केली. इकडे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आपल्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या, त्या 'पारी' नावाच्या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर ऐकायला मिळतात. आजीची एकही ओवी मात्र माझ्याकडे नाही. ती गेली १९९८ ला, आमच्याकडे टेपरेकॉर्डर होता, त्यावर आम्ही सिनेमाची गाणी भरत होतो.

ऐकून ऐकून हात शिवशिवायला लागले तेव्हा शिट्टी घेतली. टिन व्हिसल. पुण्यातल्या दुकानात मागितली तर मालकांनी आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पीटीच्या बाई वाटले असेन. ऑनलाइन मागवली. सहा भोकं, उभी धरायची, तोंडाशी खाच, म्हणजे आपलं अलगूजच. १८४३ मध्ये रॉबर्ट क्लार्क नावाच्या इंग्रजाने पत्र्याच्या शिट्ट्या बनवून विकायला सुरुवात केली, स्वस्त म्हणून आयर्लंडभर झाली. आडव्या बासरीत पहिला सूर निघायलाच आठवडे जातात, हिच्यात फुंकलं की लगेच आवाज. तोच तिचा धोका. खालचं सप्तक जरा बरं, वरच्या सप्तकासाठी जोरात फुंकायचं, आणि मग ती जी किंचाळते, मावशी आतून ओरडली, "अगं किती शिट्ट्या झाल्या, बंद कर!" तिला कुकर वाटला. कोमल निषादासाठी पहिलं भोक उघडं ठेवून पुढची दोन झाकायची. हे माझं बोट आजतागायत ऐकत नाही. कट म्हणून एक प्रकार असतो, एका सुरावर असताना वरचं बोट निमिषभर उचलून टेकवायचं, म्हणजे कणच की. मावशी म्हणाली, तो आला तरच ते सजीव होईल, नाहीतर बँडवाले. आठ महिन्यांत मला दीड चाल यायला लागली. 'केश जिग' पूर्ण, दुसरीचा पहिला भाग.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ऑफिसने नऊ दिवस डब्लिनला पाठवलं. मी कधी कशाला स्वतःहून हात वर केला नव्हता, तेव्हा केला. दुसऱ्याच संध्याकाळी लुआसच्या ट्रामने स्मिथफील्डला उतरले आणि 'कॉबलस्टोन' नावाच्या पबमध्ये गेले. त्याच्याभोवती हॉटेल बांधायचा बेत होता, २०२१ मध्ये लोकांनी शवपेटी खांद्यावर घेऊन मोर्चा काढला आणि महापालिकेने परवानगी नाकारली, हे मी बातम्यांत वाचलेलं. एकटी बाई, पब, मराठी मन, दारापाशी दोन मिनिटं घुटमळले खरं. आतून फिडल ऐकू आलं आणि गेले.

दाराजवळच्या कोपऱ्यात सात-आठ जण कोंडाळं करून बसलेले. लोकांकडे तोंड नाही, एकमेकांकडे. स्टेज नाही, माइक नाही. इलन पाइप्स मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघितले, हे तोंडाने फुंकत नाहीत, उजव्या कोपराखाली भाता बांधलेला, डाव्या बगलेत पिशवी, आणि पुढची नळी मांडीवरच्या चामड्याच्या तुकड्यावर टेकवून बंद करायची. इलन म्हणजे कोपरच. वाजवणारा साठीचा, कपाळावर आठ्या, बसलेला मात्र असा की गाईची धार काढतोय. एक मुलगी, विशीची असेल, तिने फिडलवर कुणाला न विचारता सुरू केलं, तीन-चार मात्रांत बासरीने धरलं, मग कॉन्सर्टिना, म्हणजे दोन हातांत धरायची छोटी भात्याची पेटी, मग सगळे. तीनदा वाजवलं आणि तिने नुसती भुवई उचलली आणि सगळे एका क्षणात दुसऱ्या चालीवर. बोरॉन एकच, आणि तो सगळ्यात हळू.

मला आमच्या कराडकडच्या गावातलं आजोबांचं भजनी मंडळ आठवलं. एकादशीला विठ्ठलाच्या देवळात असंच कोंडाळं, पखवाज एकच, टाळ दहा, कोण अभंग उचलणार ते ठरलेलं नाही, एकाने उचलला की बाकीच्यांनी झेलायचा, आणि 'ही चाल कुणाची' म्हटलं की आजोबा म्हणायचे, "चालत आलीय." मावशीने विस्तार का करत नाहीत विचारलं होतं ना, त्याचं उत्तर तिथे बसून कळलं. टाळकरी कुठे विस्तार करतो? सगळ्यांनी मिळून एकच चाल वाजवायची, आणि ज्याच्या त्याच्या बोटांतले कण वेगळे.

मग मी गाढवपणा केला. न कळत टाळी धरली. देवळात धरतात तशी, मनापासून. शेजारच्या वयस्क बाईंनी हसून माझ्या मनगटावर हात ठेवला, काही बोलल्या नाहीत. मी लाल. पुढचा अर्धा तास हात मांडीखाली दाबून बसले.

मध्ये ते थांबले तेव्हा धीर करून बासरीवाल्याला विचारलं की शेवटच्या चालीचं नाव काय. त्याने खांदे उडवले. नाव माहीत नाही, पण क्लेअरमधल्या अमुक एका म्हाताऱ्याकडून घेतली, त्याने त्याच्या आईकडून, आणि ती भांडी घासताना तोंडाने म्हणायची. नाव नाही पण वंशावळ पाठ. माझ्या पर्समध्ये शिट्टी होती. त्याने विचारलं, वाजवतेस का? मी नाही म्हटलं. खरं म्हणजे 'केश जिग' येते म्हणून सांगता आलं असतं, त्यांनी घेतलीही असती हळू लयीत, मला माहितेय. पण नाही काढली. हॉटेलवर येऊन उशीत तोंड घालून वाजवली, म्हणजे शिट्टी उशीत, तोंड बाहेर.

निघताना फिडलवाल्या मुलीकडून सीडी घेतली, स्वतःच काढलेली, १५ युरो रोख, जाड कागदाचं पाकीट, आत वाजवणाऱ्यांची नावं बारीक अक्षरात. पुण्यात आल्यावर लक्षात आलं की आमच्या घरात सीडी लावायला काहीच नाही. लॅपटॉपला खाच नाही, जुना प्लेयर भंगारात गेला. शेजारच्या काकांच्या जुन्या मारुतीत आहे पण. रविवारी दुपारी काका म्हणाले चल, आणि आम्ही दोघं पार्किंगमध्येच, काचा वर करून, एसी चालत नाही म्हणून घामाघूम, बसून राहिलो. पहिल्या दोन चाली ते डोळे मिटून होते, मला वाटलं झोपले. तिसऱ्याला म्हणाले, "हे वाजवतंय कोण?" मी पाकीट पुढे केलं. त्यांनी चष्मा आणला नव्हता, म्हणून मग मीच उजेडाकडे धरून वाचून दाखवलं, एकेक नाव, उच्चार चुकत चुकत.